बिनवासाचा कोट

मित्रांनो, जवळ या आणि मला हुंगून बघा. घाबरू नका. मी एक जुना लोकरी कोट आहे. हिरव्या-करड्या चौकड्यांचा, कोपरांवर कापडाची ठिगळं लावलेला, पाच बटणांचा. त्यातलं एक बटण बाकीच्या चौघांशी जुळत नाही. इतर कोटांचं कौतुक ऊब देतात म्हणून होतं. माझं कौतुक भलत्याच गोष्टीसाठी झालं. मला वास येत नसे. माणसाचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच नाही. त्या एका गुणावर मी अडतीस वर्षं मिरवलो, आणि त्याच गुणाने शेवटी घात केला. माझा झाला तो झालाच, पण डेल्फीनचा झाला, त्याचं दुःख मला अजून आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका नदीकाठच्या गिरणीत माझी लोकर कातली गेली. गिरणी कधीच बंद पडली. बटणं लावणारी बाई खोकत खोकत बटणं लावायची, एवढंच मला तिथलं आठवतं. मग दुकानाच्या काचेआड महिनाभर टांगून राहिलो. आणि एक दिवस एक नवी नवरी आली, माझी बाही गालाला लावून बघितली आणि म्हणाली, "हाच द्या. टोचत नाही." ती डेल्फीन. लग्नानंतरचा पहिला हिवाळा यायचा होता, आणि तिला नवऱ्याला काहीतरी द्यायचं होतं.

नवरा म्हणजे अर्विन. बटाट्याची शेती, पंधरा गाई, आणि शेताच्या मागे ओकचं रान. त्या रानात एका जाडजूड ओकवर त्याने वीस फूट उंच मचाण बांधलं होतं. पानगळ सुरू झाली की धनुष्य घेऊन तो पहाटे मचाणावर जाऊन बसे आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची वाट बघे. वर्षाला एक हरीण मिळालं की घरात हिवाळाभर मांसाची ददात नसे. बंदुकीची शिकार त्याला पसंत नव्हती. "त्यात हरणाची आपली गाठच पडत नाही," म्हणायचा.

पहिल्या वर्षी आम्ही दोघेही अडाणी. शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या खानावळीत तळलेला मासा खायचा, हा इथला नेम. अर्विन मला घालूनच गेला. नवा कोट, चारचौघांत मिरवायला नको? दुसऱ्या दिवशी सकाळी मचाणावर गेलो. थोड्या वेळाने एक मोठं शिंगाळ हरीण आलं, थांबलं, नाक वर केलं. आणि मित्रांनो, ते असं जोरात फुसकारलं की माझी बटणं हलली. पाय आपटला, शेपटीचं पांढरं निशाण उभारलं आणि पसार झालं. जाता जाता साऱ्या रानाला ओरडून सांगत गेलं.

अर्विनचा भाऊ नॉर्बर्ट दिवसभर हसत होता. "तुला बघितलं नाही रे त्याने, हुंगलं! कालच्या माशावर लिंबू कमी पिळलं होतंस, हेसुद्धा कळलं असेल त्याला."

अर्विनच्या ते मनाला लागलं. त्या दिवसापासून माझं सोवळं सुरू झालं. सोवळं म्हणजे कडकडीत. मला घरात आणायचं नाही. स्वयंपाकघराच्या तर वाऱ्यालाही उभं करायचं नाही. गाडीत बसताना अंगात घालायचं नाही. झाकणाच्या डब्यात बंद करून न्यायचं आणि शेताच्या कडेला उतरल्यावरच घालायचं. पेट्रोल भरायचं ते आदल्या दिवशी. शिकारीच्या सकाळी कॉफी बंद, खारवलेलं डुकराचं मांस तव्यावर टाकणं बंद. एक सफरचंद खायचं आणि निघायचं. पायांत रबरी गमबूट, कारण चामडं बोलतं, वास सोडतं. अर्विन म्हणायचा, "हरणाच्या डोळ्यांना चकवता येतं, कानांनाही चकवता येतं. नाकापुढे आपलं काही चालत नाही."

डेल्फीन वैतागायची. "शिकारीच्या आठवड्यात बायकोने जवळ यायचं नाही, कारण हरणाला आवडत नाही! लग्न कुणाशी केलंस रे तू?"

"तुझ्याशी. पण डिसेंबरात लसूण घातलेलं सॉसेज कोण चापतं, तेवढं सांग."

बोलायची अशी, पण माझं सगळं करायची तीच. दर ऑगस्टच्या शेवटी मला गार पाण्यात भिजवायची. बिनवासाचा साबण, मग खाण्याचा सोडा. त्या दिवशी हाताला क्रीमसुद्धा लावायची नाही. मग धुराड्यापासून लांब, उत्तरेकडच्या दोरीवर दोन दिवस वाळवायची. मग डबा, डब्यात रानातल्या सीडर झाडाच्या कोवळ्या डहाळ्या आणि मचाणाच्या ओकखालची वाळकी पानं, म्हणजे वास आलाच तर रानाचा यावा. झाकण लावण्याआधी अर्विन यायचा. माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसायचा, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "शून्य! डेल्फीन, शून्य!" ती ओल्या हातांनी त्याला ढकलून द्यायची, पण खूश व्हायची. आणि मी? मी तर फुगून दोन मापं मोठा व्हायचो.

ती वर्षं चांगली होती, मित्रांनो. इथे शेताच्या बांधांवर रुईच्या जातीचं एक झाड उगवतं. त्याच्या बोंडातल्या म्हाताऱ्या अर्विन एका डबीत भरून ठेवी. मचाणावर बसला, कमरेचा पट्टा खोडाला अडकवला, की एक म्हातारी सोडून द्यायचा. ती तरंगत जिकडे जाईल तिकडे आपला वास जाणार. हरणांच्या वाटेकडे गेली तर मुकाट्याने खाली उतरायचं. पण मला घातलेलं असलं तर तो कधी कधी उतरत नसे. माझ्यावर त्याचा एवढा भरवसा! एकदा एक हरिणी तिच्या दोन पिल्लांसह थेट आमच्या खाली आली आणि अर्धा तास ओकची फळं कुरतडत राहिली. अर्विनने बाण लावलाही नाही. घरी येऊन तीनदा तेच सांगत होता, "खालून वास घेतला तिने, वर बघितलं, आणि परत खायला लागली. आम्ही नव्हतोच तिच्या लेखी!"

त्यांची एकुलती एक मुलगी ट्रूडी. बारा वर्षांची झाली तेव्हा अर्विनने तिच्यासाठी मचाणाला दुसरी फळी ठोकली. ती बापासारखीच, नेमाची पक्की. शाळेतल्या मैत्रिणीने अत्तर लावलं म्हणून आठवडाभर तिच्या शेजारी बसली नाही. माझं तुटलेलं बटण तिनेच शिवलं. तिच्या जुन्या स्वेटरचं बटण होतं, निळं. अर्विन म्हणाला, "हरणांना निळं दिसतं गं!" पण त्याने ते काढलं नाही. शिकारीला जाताना फक्त वरून मातीचं बोट फिरवायचा.

ट्रूडी मोठी झाली, दोन तासांवरच्या शहरात नोकरीला लागली. एका नाताळला तिने बापासाठी कोळशाचं अस्तर असलेला नवा शिकारी पोशाख आणला. वास म्हणे आतल्या आत गिळणारा. दोन हंगाम मी डब्यातच पडून राहिलो. सीडरच्या काड्या सुकल्या, पानांचा चुरा झाला, कुणी झाकण उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस झाकण उघडलं. अर्विन मला बाहेर काढत पुटपुटत होता, "हात हलवला की कुरकुरतो लेकाचा. त्यापेक्षा आपलं म्हातारं बरं." तेवढ्यावर माझा सगळा राग गेला.

मग अर्विनची फुप्फुसं थकली. दोन पायऱ्या चढला तरी धाप लागायची. सप्टेंबर आला. डेल्फीनने मला नेहमीसारखं धुऊन डब्यात ठेवलं होतं, उगीचच, सवयीने. एका सकाळी अर्विन पडवीत आला, डबा उघडला, मला अंगावर चढवलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला.

डेल्फीन तव्यावर कांदा परतत होती. ती किंचाळलीच. "अरे! अरे, कोट! कांदा आहे इथे!"

"असू दे," तो खुर्चीत बसत म्हणाला. "आता कुठल्या हरणाला भेटायला जायचंय मला?"

ती कांदा करपेपर्यंत हलवत राहिली.

तो अख्खा पानगळीचा काळ आणि नंतरचा हिवाळा आम्ही दोघांनी खिडकीजवळच्या खुर्चीत काढला. नॉर्बर्ट आला की म्हणायचा, "बाटला बाटला, तुझा कोट बाटला!" आणि तिघंही हसायचे, अर्विनला हसता हसता खोकला यायचा. माझ्यात कांदा शिरला, कॉफी शिरली, छातीला चोळायचं कापराचं मलम शिरलं, तो चघळायचा त्या पेपरमिंटच्या गोळ्या शिरल्या. आणि या सगळ्यांच्या तळाशी, कॉलरच्या आतल्या बाजूला, आणखी एक वास होता. उन्हात तापलेल्या गवतासारखा, किंचित खारट. मला आधी कळेना हा कशाचा. मग कळलं, हा अर्विनचा. अडतीस वर्षं त्या माणसाच्या पाठीला मी चिकटून होतो, आणि त्याचा वास मला पहिल्यांदा तेव्हा मिळाला. दरवर्षी धुऊन टाकत होतो ना आम्ही तो!

मार्चमध्ये अर्विन गेला.

घर माणसांनी भरलं. नात्यातल्या बायकांनी पाहुण्यांची सोय म्हणून चादरी, अभ्रे, टॉवेल, त्याचे शर्ट, सगळं धुऊन इस्त्री करून टाकलं. चांगल्या मनानेच केलं. मी पडवीत दारामागच्या खुंटीला होतो, म्हणून राहून गेलो. सगळे पांगल्यावर डेल्फीनने त्याची उशी उचलून तोंडाला लावली. साबण. कपाट उघडलं. साबण. मग ती पडवीत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कॉलरमध्ये तोंड घातलं. किती वेळ तशीच होती कोण जाणे. बाजूला झाली तेव्हा माझी कॉलर ओली होती.

तेव्हापासून तो तिचा रोजचा नेम झाला. सकाळी उठायचं, चूल पेटवायच्या आधी पडवीत यायचं, माझ्यापाशी एक लांब श्वास घ्यायचा आणि मग दिवसाला लागायचं. एखाद्या दिवशी दोनदा येई, पण फार वेळ थांबत नसे. वास संपेल अशी तिला भीती वाटायची. मी तिला जपून जपून पुरवत होतो. आयुष्यभर वास घालवण्याची शिकवण मिळालेला मी, आता मुठीत धरून ठेवत होतो.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. इथली माणसं असं काही बोलून दाखवत नाहीत. पावसावर बोलतील, बटाट्याच्या किडीवर तासभर बोलतील. ट्रूडीचा दर रविवारी फोन यायचा, "आई, बरी आहेस ना?" आणि डेल्फीन म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

ऑक्टोबरात ट्रूडी चार दिवसांची रजा काढून आली. बापाच्या मचाणावर, बापाच्या कोटात, एक सकाळ बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती आली गुरुवारी दुपारी. डेल्फीन घरी नव्हती. चर्चच्या शरद-भोजनासाठी बायकांबरोबर सफरचंदं सोलायला गेली होती. ट्रूडी पडवीतून आत आली आणि दारामागे मी दिसलो.

तिने मला खुंटीवरून काढलं, नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा पडला. "कांदा! मलम! अगं आई गं, काय दशा केलीय कोटाची. बाबाने बघितलं असतं तर..." वाक्य तिला पुरं करता आलं नाही. तिने एकदम मला टबात टाकलं आणि नळ सोडला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी रान उठवलं असतं. ती किती मायेने धुवत होती! गार पाणी. बिनवासाचा साबण, डब्याच्या तळाशी उरलेला तोच जुना तुकडा. बापाने शिकवलेलं एकही पाऊल ती चुकली नाही. आधी कापूर गेला. मग पेपरमिंट, मग कॉफी. कांदा चिवट, पण तोही गेला. मी सगळा जीव कॉलरपाशी गोळा करून बसलो. तेव्हा तिने खाण्याचा सोडा कालवला आणि कॉलरच चोळायला घेतली. कारण बाबा सांगायचा, मानेचा घाम सगळ्यात जास्त बोलतो.

पाणी गढूळ झालं. तिने ते मोरीत ओतलं.

डेल्फीन परतली तेव्हा मी उत्तरेकडच्या दोरीवर ठिबकत होतो. गाडीचं दार उघडं टाकून ती अंगणात उभी राहिली. ट्रूडी पायरीवर बसून सीडरच्या डहाळ्या निवडत होती. वर बघून हसली, तिचे डोळे लाल होते. "शनिवारी बाबाच्या जागेवर जाणार आहे, आई. नीट धुतलाय ना? तुझ्यासारखा?"

डेल्फीन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. छान धुतलायस. माझ्यापेक्षा छान." आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिने बशा तीनदा विसळल्या.

शनिवारी उजाडता उजाडता ट्रूडी मचाणावर चढली. पट्टा अडकवला. बापाच्या डबीतली म्हातारी काढून हवेत सोडली. म्हातारी तरंगत तरंगत थेट हरणांच्या वाटेवर गेली. वारा उलटा होता. अर्विन असता तर क्षणभर विचार केला असता. ट्रूडी जागची हलली नाही. तिचा माझ्यावर तोच जुना भरवसा.

आणि आलं. पिळदार शिंगांचं, पोक्त, जाड मानेचं हरीण बरोबर त्याच वाटेवर येऊन थांबलं. वारा आमच्याकडून त्याच्या तोंडावर जात होता. त्याने नाक वर केलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणत होतो, घे वास. घे रे बाबा. फुसकार, पाय आपट, पळून जा! शिवणीत कुठेतरी, खिशाच्या कोपऱ्यात, एखाद्या धाग्यात अर्विन उरला असेल तर तुलाच कळेल. डेल्फीनला सापडला नाही तरी तुला सापडेल. साऱ्या रानाला ओरडून सांग, तो इथे आहे म्हणून!

हरणाने एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान खाली घातली आणि ओकची फळं खायला लागलं.

ट्रूडीने धनुष्याला हात लावला नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. हरीण पोटभर खाऊन आपल्या चालीने निघून गेल्यावर ती उतरली आणि शेतातून पळतच घरी आली. कोट अंगात, तशीच पडवीत.

"आई! वारा उलटा होता, आणि माझ्या खाली येऊन खाल्लं त्याने! कसलाच वास लागला नाही त्याला. शून्य, आई! बाबा म्हणायचा ना? शून्य!"

डेल्फीनने हात पुढे केले. ट्रूडीने मला काढून तिच्याकडे दिलं. डेल्फीनने माझी कॉलर हुंगली. मग बाह्या उलट्या केल्या, त्या हुंगल्या. मग खिसे ओढून बाहेर काढले आणि एकेक करून नाकाशी धरले. तिला घाई नव्हती. शेवटी ती बाकावर बसली आणि मला मांडीवर घेऊन म्हणाली, "हो गं. शून्य."

ट्रूडी बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आई... तू याला रोज..."

"सकाळी. कॉफीच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? नवऱ्याचा कोट हुंगते म्हणून? वेडी म्हणाली असतीस."

ट्रूडी खाली जमिनीवरच बसली, आईच्या गुडघ्याला टेकून. म्हणाली, "मलाही आला होता बाबाचा वास. धुण्याआधी, कॉलरमध्ये. सहन झाला नाही. म्हणून पटकन पाण्यात टाकला." आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. डेल्फीन तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. "रडू नको. तुला शिकवलं आम्हीच ना," ती म्हणाली. पण तिचा दुसरा हात माझी कॉलर चाचपत होता, आणि त्या हाताला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. माझ्यापाशी ते नव्हतं.

रविवारी ट्रूडी जायला निघाली. बॅग घेऊन स्वयंपाकघरात आली तर आई शेगडीपाशी उभी, आणि मी तिच्या अंगात. बाह्या तिच्या बोटांपर्यंत येत होत्या, त्या तिने दोनदा दुमडल्या होत्या. तव्यावर कांदा होता.

"आई, अगं वास लागेल कोटाला!"

"लागू दे. तेवढ्यासाठीच घातलाय." तिने कांदा हलवला. "त्याचा गेला. निदान माझा तरी राहू दे. तुला लागेल कधीतरी."

ट्रूडी "असं बोलू नकोस" म्हणाली नाही. ती आईच्या पाठीमागे आली, तिच्या खांद्यावर माझ्या लोकरीत तोंड खुपसलं आणि गाडीची वेळ टळून गेली तरी तशीच उभी राहिली.

मित्रांनो, कपडे धुवावेत. स्वच्छ असावं. मी तर अडतीस वर्षं त्याच बळावर जगलो, मी कशाला नाही म्हणू? पण घरातलं माणूस गेलं असेल, आणि त्याचं काही खुंटीवर लटकत असेल, तर पाण्यात टाकण्याआधी घरातल्या बाकीच्यांना एकदा विचारा. लाजू नका. आणि खुंटीपाशी रोज जाऊन उभं राहणाऱ्यांनो, तुम्हीही लाजू नका, सांगून टाका. एखादी दुसरी गिरणी मला पुन्हा विणू शकेल, बटण दुसरं मिळेल. मोरीत गेलेलं ते पाणी कुणालाही परत आणता येणार नाही.

तर आता हुंगा मला. कांदा आहे, कॉफी आहे, डेल्फीनच्या हाताचं क्रीम आहे. मला घालून कुणी मचाणावर चढलं तर हरणं कोसभरावरूनच पळतील. पळू देत.